अलकानं जाताना काय नेलं?

(वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात मेहकर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात तिथल्या ग्रंथपालबाईंनी केलेलं भाषण. बोलताना घसरलेलं थोडं गाळलं आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, आधी तुमचे आभार. सोयाबीनची सोंगणी अर्धी राहिली आहे, मशीनवाला "उद्या येतो" म्हणून तीन दिवसांपासून झुलवतो आहे, संध्याकाळी आभाळ भरून येतं आणि आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. अशा दिवसांत रात्री साडेआठला तुम्ही पुस्तकाबद्दल ऐकायला आलात. १५ ऑक्टोबर ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी कलामसाहेबांचा जन्मदिवस पाहिला, आपला हंगाम काही पाहिला नाही. समोर बसलेल्या दोघा-तिघांच्या केसांत अजून कुटाराची धूळ दिसते आहे. त्यामुळे लांबण लावत नाही. लावली तर माईक बंद करायचा अधिकार सरपंचबाईंना आहे.

विषय दिला होता 'मला आवडलेलं पुस्तक'. मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' घेतली आहे. मागून कुणीतरी "पुन्हा तेच?" म्हणालं, ते मला ऐकू आलं. हो भाऊ, पुन्हा तेच. देशमुख माझे आवडते लेखक. त्यांची 'तहान' वाचली, 'चारीमेरा' वाचली, कथा मिळतील तशा वाचल्या. पण फिरून फिरून मी येते ती याच पुस्तकापाशी, आणि दर वेळी या पुस्तकाशी माझं थोडं भांडण होतं. आज त्या भांडणाबद्दल बोलायचं आहे.

आधी ही प्रत बघा. आपल्या वाचनालयात 'बारोमास'ची ही एकच प्रत. आपलं वाचनालय 'ड' वर्गाचं. अनुदान येतं तेव्हा येतं आणि त्यात वर्तमानपत्रांची बिलं भागली तरी मी नारळ फोडते. दुसरी प्रत घ्यायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं. पुठ्ठा सुटला आहे, पाठीला तपकिरी चिकटपट्टी आहे, आतली काही पानं दोऱ्यातून निघाली आहेत. देवघेवीच्या वहीत हिच्या नावावर जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाच्या नाहीत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं धरून.

आता आतलं बघा. पुस्तकात लिहू नये अशी पाटी मीच भिंतीवर लावली आहे, तिच्याखालीच बसून लोकांनी लिहिलं आहे. समासात. पेन्सिलीनं, पेननं, एकानं तर बहुतेक शाळेच्या स्केचपेननं. "बरोबर." "सेम टू सेम." "आमच्या घरी हेच झालं." "हा माणूस वावरातला आहे." एका पानाच्या कडेला कुणीतरी स्वतःच्या वावराचा हिशेब मांडला आहे. बियाणं, खत, निंदण, फवारे, वेचणी, एकाखाली एक. खाली रेघ मारली आहे. रेघेखाली काही लिहिलेलं नाही.

हे समास मी बारा वर्षं वाचते आहे आणि मला त्यात एक गंमत दिसते. आपण गावातले लोक ही कादंबरी कादंबरीसारखी वाचतच नाही. आपण तिचा पंचनामा करतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून ठरवतात ना, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का खाली, तसं. डवरणीचं वर्णन आलं, बरोबर आहे का? बैल विकायला काढला, भाव जमतो का? व्यापाऱ्यानं काट्यावर मारलं, तर कसं मारलं? लिहिणारा या परीक्षेत पास झाला की आपण खाली सही ठोकतो, "खरं आहे." शहरातल्या वाचकाला हे तपासता येत नाही. तो बिचारा विश्वास ठेवतो आणि रडतो. आपण तपासतो आणि मग रडतो.

या परीक्षेत देशमुख पैकीच्या पैकी गुण घेऊन पास आहेत. ते शेजारच्या चिखली तालुक्यातले, अमडापूरचे. घाटावरचे. मी अकोल्याची, घाटाखालची, शहरात वाढलेली. माझे वडील कारकून होते. लग्न होऊन इथं आले तेव्हा बोलीचा हेल वेगळा, कामं वेगळी आणि शब्द तर त्याहून वेगळे. धुरा म्हणजे काय, तास म्हणजे काय, उलंगवाडी झाली म्हणजे नेमकं काय झालं, मला काही माहीत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "तासानं चाल," आणि मी पायाखालची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुडवत जायची. त्या दिवसांत ही कादंबरी हाती आली, ती मी शब्दकोशासारखी वापरली. रात्री वाचायची, सकाळी वावरात तो शब्द कुणी बोललं की मान डोलवायची, जणू जन्मापासून ठाऊक आहे. कादंबरीचा असा उपयोग कुणी केला असेल असं लेखकाच्या स्वप्नातही आलं नसेल.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाव सांजोळ. सुभानराव आणि शेवंता यांचा थोरला मुलगा एकनाथ. एम.ए., बी.एड. झालेला, नोकरी नाही. संस्थेत मास्तर म्हणून लागायचं तर पैसे मोजावे लागतात, तेवढे पैसे नाहीत. म्हणून शेती. आणि शेतीत काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. धाकटा भाऊ मधू कष्टाला कंटाळलेला, गुप्तधनाच्या मागं लागलेला. आणि एकनाथची बायको अलका. शिकलेली. नवरा मास्तर होईल, पगार येईल, आपण तालुक्याला राहू, या भरवशावर आलेली. ते होत नाही आणि ती त्याला सोडून जाते.

कादंबरी २००२ सालची. २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. २००२ हे साल आपल्याला दुसऱ्याही कारणानं लक्षात आहे. बीटी कपाशीला सरकारी परवानगी त्याच वर्षी मिळाली. म्हणजे ही कादंबरी बीटीच्या आधीची. त्यातली कपाशी जुनी, त्यातली आशाही जुनी. त्यानंतर बीटी बियाण्याचं पाकीट आलं, बोंडअळी गेली असं वाटलं, मग २०१७ साली गुलाबी अळी अशी आली की लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. आपल्या भागात तर पऱ्हाटी मागं पडून सोयाबीन आलं. पीक बदललं. समासातला हिशेब मात्र कुणीही कुठल्याही वर्षी मांडावा, रेघेखालची जागा तशीच.

आणखी एक तारीख सांगते, ती फार लोकांच्या लक्षात नसते. नोव्हेंबर २००१ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या तत्त्वावरच परवानगी द्यायची. 'कायम' म्हणजे पुढंही कधी अनुदान मागायचं नाही. आता गंमत बघा. पैसे देऊन का होईना, नोकरी लागली की निदान पगार सुरू होतो, असं एकनाथच्या पिढीला वाटत होतं. त्यांच्या मागून आलेल्यांनी पैसेही दिले, आणि पगारही नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, घरातलं सांगते आहे.

माझं लग्न २००३ चं. आमचे हे एम.ए., बी.एड. मला बघायला आले तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, "पोरगा लागल्यातच जमा आहे." लागल्यातच जमा, हे तेव्हा आपल्याकडे एक पदच होतं. पुढच्या वर्षी ते खरोखर लागले. संस्थेचं नाव घेत नाही. दोन एकर विकलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून माझी पोत, पाटल्या आणि कानातले गेले. सहा वर्षं त्यांनी शिकवलं. सकाळी शाळा, दुपारी वखर. २००९ साली सरकारनं 'कायम' हा शब्द काढून टाकला तेव्हा आम्ही शेजारी पेढे वाटले. एक शब्द गेला म्हणून पेढे वाटणारं आमचंच घर असेल. मग अनुदानासाठी शाळेचं मूल्यांकन, मग त्रुटी, मग पुन्हा मूल्यांकन. २०१० मध्ये त्यांनी खडू ठेवला. नंतर काही वर्षांनी अनुदान टक्क्याटक्क्यानं आलं म्हणतात. ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात गेलं असेल. असो. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातल्या चौघांच्या घरी हेच झालं आहे, मी समासात न लिहिता तोंडानं सांगितलं एवढंच.

तर मी 'बारोमास' पहिल्यांदा वाचली २००६ मध्ये. त्या वर्षी आठवतं ना, पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. 'पॅकेज' हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी बसला. पात्र आणि अपात्र हे शब्दही. शेतकऱ्यानं जीव दिला तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तेही सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा अशी सगळी कागदं जुळली तर. रस्त्यानं कॅमेऱ्याच्या गाड्या फिरत होत्या. त्या सगळ्या गलबल्यात मी दिवसाचं काम आटपून, पोरीला झोपवून ही कादंबरी वाचत होते.

आणि मला अलकाचा संताप आला होता.

समासातल्या सगळ्या शेऱ्यांत सगळ्यात जोरात लिहिलेला शेरा कुठला आहे, बघायचा आहे? हा. जिथं अलका जाते तिथं. निळ्या पेननं, "नालायक बाई." इतकं दाबून लिहिलं आहे की पुढच्या दोन पानांवर अक्षरं उमटली आहेत. शाई नाही, नुसता वळ. अक्षर कुणाचं आहे ते मला माहीत आहे, सांगणार नाही, ते आत्ता इथं बसलेही असतील. त्यांना मी दोष कसा देऊ? २००६ मध्ये माझ्या हातात पेन असतं तर मीही हेच लिहिलं असतं. बाई असून.

का, ते कळायला मला आठेक वर्षं लागली. मी राहिले होते. राहिलेल्या माणसाला गेलेलं माणूस चुकीचं असावंच लागतं. अलका बरोबर असती तर मग मी पोत देऊन, पाटल्या देऊन, सहा वर्षं बिनपगाराच्या मास्तरचा डबा भरत इथं काय करत होते? तेव्हा तिला नालायक ठरवणं मला सोयीचं होतं. कादंबरीनं मला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. मी ते घरून घेऊन आले होते.

दुसरं वाचन झालं २०१४ च्या हिवाळ्यात. तोवर मी इथं ग्रंथपाल झाले होते. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघी तूर निवडत बसायचो. म्हणजे त्या निवडायच्या आणि मी हे पुस्तक मोठ्यानं वाचायची. त्या काही बोलत नसत. सूप हलत असायचं. वावराचं काही आलं की "हूं". बाजाराचं आलं की "हूं". सुभानराव चिडले, "हूं". मधू गुप्तधनामागं लागला, तेव्हा एकदा हसल्या, म्हणाल्या, "आपल्या गावातबी होता येक, रातीतून वाड्यात खड्डा केला, सापडली काय तर तुटकी पाटा-वरवंट्याची फोड." मधूबद्दल आपण जास्त बोलत नाही, पण आजचे मधू खड्डे खणत नाहीत, मोबाइलवर रम्मी खेळतात. तो विषय वेगळा, आणि इथं दोन-तीन आया बसल्या आहेत, त्यांना मी आज दुखवणार नाही.

मग अलका जाते ते आलं. मी वाचलं. थांबले. मला वाटलं होतं सासूबाई तिला शिव्या देतील. सूप थांबलं. त्यांनी विचारलं,

"जातानी तिनं काय नेलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? पेटी नेली? भांडे नेले? डाग होते का अंगावर?"

मी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. माझं लक्ष अक्षरांवर नव्हतंच. मनात मी माझीच पेटी भरायला लागले होते. मी गेले असते तर काय नेलं असतं? डी.एड.चं प्रमाणपत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत. माहेरच्या चार साड्या. लग्नात मामानं दिलेला स्टीलचा डबा, ज्यावर माझं नाव कोरलं आहे. या घरात माझं नाव असलेली ती एकच वस्तू. रेशनकार्डावर होतं म्हणा, पण ते नेता येत नाही. पोत, पाटल्या, कानातले कुठं गेले ते सांगितलंच. सासूबाईंना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तुरीकडे पाहिलं.

इथं मला त्यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हा प्रश्न तुम्हाला नीट कळणार नाही. माझे सासरे शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला. नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं, तिथं आमच्या सासूबाई गेल्या होत्या. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोच. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्ती सुरू केली. बायकोच्या नावे जमीन करा. ज्या गावात शंभर जणांनी केली ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आपलं गाव शंभरापर्यंत पोचलं नाही, पण आमच्या सासऱ्यांनी दीड एकर सासूबाईंच्या नावावर चढवलं. गावानं टिंगल केली. काहींनी म्हटलं, सीलिंगमधून, म्हणजे जास्तीची जमीन सरकारजमा होण्यातून, सुटायला केलं असेल, जणू आमची शेकडो एकर होती!

आता २००४ मध्ये या. दोन एकर विकूनही संस्थेची रक्कम पुरी होत नव्हती. दीड एकराचे कागद तयार करून घरी आणले. सगळे बसले, चहा झाला, शाईचं पॅड उघडलं. सासूबाईंनी अंगठा दिला नाही. सासऱ्यांनी सांगितलं, नणंदेच्या नवऱ्यानं सांगितलं, मुलानं हात जोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "ते मह्या नावाचं हाये." उठल्या आणि म्हशीला पेंड घालायला गेल्या. मग माझ्या पाटल्या गेल्या.

मी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही, हे आज सगळ्यांसमोर कबूल करते. मला वाटायचं, म्हातारीनं पोराच्या आयुष्यापेक्षा ढेकळं मोठी मानली. मंडळी, आज आमच्याकडे जे वावर आहे ना, विहिरीजवळचं, ज्यात आत्ता सोयाबीनचे ढीग ताडपत्रीखाली झाकून मी इथं भाषण करते आहे, ते तेच दीड एकर. बाकी सगळं गेलं.

सासूबाई आता नाहीत. पण त्या रात्रीनंतर मी ही कादंबरी पंचनाम्यासारखी वाचू शकले नाही. पंचनाम्यात रकाने असतात. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, खातेदाराचं नाव. अलका खातेदार नाही. तिचं नुकसान किती टक्के, ३३ च्या वर का खाली, हे धुऱ्यावर उभं राहून कळत नाही. आपण सगळ्यांनी समासात "बरोबर, बरोबर" लिहीत अडीच-तीनशे पानं पार केली आणि जिथं आपल्याजवळ मोजायला माप नव्हतं तिथं "नालायक" लिहून मोकळे झालो.

आता लेखकाशी भांडण. देशमुख पाऊस लिहितात तेव्हा मला वास येतो. बापलेकाचं भांडण लिहितात तेव्हा मला उठून दार लावावंसं वाटतं, शेजारी ऐकतील म्हणून. सुभानरावांचा राग, शेवंतामायचं दोघांच्या मधे चेपणं, हे तर आपल्या प्रत्येकाच्या ओसरीवरचं. पण अलकाजवळ आल्यावर मला वाटतं, तो हात जरा आखडतो. मला ती बहुतेक एकनाथच्या नजरेतून भेटते. तिची कुरकुर ऐकू येते, तिचा रुसवा दिसतो, तिची हाव दिसते. पण नव्या नवरीनं सकाळी अंधारात डबा घेऊन पांदणीनं जाताना काय वाटतं, शहरात शिकलेल्या बोटांना पहिल्या वेचणीत बोंडाची टोकं लागून कातडं कसं फाटतं, रात्री नवरा "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणतो तेव्हा ती छताकडे बघून कुठले आकडे मोजते, हे मला अजून हवं होतं. मातीबद्दल जेवढं बारीक लिहिलं, तेवढं हिच्याबद्दल.

माझ्या नवऱ्याशी यावरून माझा वाद झाला. त्यांनी ही कादंबरी अर्धीच वाचली आहे. डोनेशनचं आलं तिथं खूण घालून ठेवली, ती खूण अजून तिथंच आहे, एसटीचं तिकीट. पण वाद घालायला अर्धी पुरते. ते म्हणाले, "एकनाथलाच ती कळली नाही, तर लेखक कसा सांगेल? आमचं डोकं त्या काळात जाग्यावर होतं का? मला तरी कुठं माहीत होतं तू काय मोजत होतीस?" आणि पुढं म्हणाले, "लोक म्हणतात फार दुःख लिहिलं. कमीच लिहिलं."

याला माझ्याजवळ पुरं उत्तर नाही. शक्य आहे की कादंबरीनं एकनाथचं आंधळेपण जसंच्या तसं ठेवलं, त्यात लबाडी केली नाही. नवऱ्याला न दिसलेली बायको पानावर अर्धीच उतरणार. पण मग वाचकानं तरी अर्धीलाच पुरी समजू नये. मला असं वाटतं, कादंबरी तिला जाऊ देते, तिच्या पाठीमागं शाप पाठवत नाही. शाप आपण पाठवले. निळ्या पेननं.

हे जुनं पुराण आत्ता का काढलं म्हणाल, तर आपल्या गावात आज तिशी ओलांडलेली किती पोरं लग्नाची बसली आहेत, मोजा. मोजायला माझी वही नको, पारावर बसलं की दिसतात. शेती आहे म्हटलं की स्थळ परत जातं. पुण्याला कंपनीत बारा हजारांवर असला तरी चालतो, इथं दहा एकर ओलिताचं असलं तरी चालत नाही. आणि चावडीवर चर्चा एकच, "आजकालच्या पोरींना माज आला." मला त्या पोरांची कीव येते, खरंच येते, त्यातला एक माझा पुतण्या आहे. पण त्या चर्चेत बसलेल्या एकाही बापाच्या तोंडून मी ऐकलं नाही की सुनेच्या नावावर अर्धा एकर करतो. गाडी देतो म्हणतात. एसी बसवून देतो म्हणतात. बायोडाट्यात 'स्वतंत्र बेडरूम' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे.

माझी मुलगी बारावीला आहे. तिनं या दिवाळीआधी पुस्तक वाचून काढलं, तीन दिवसांत, मोबाइल बाजूला ठेवून, हा मी पुरस्कारच समजते. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "आई, सगळ्यांचं वाईट होत जातं, होत जातं, आणि त्यात एकच माणूस काहीतरी ठरवतं. बरं-वाईट राहू दे, पण ठरवतं." मी म्हटलं, आणि एकनाथ? म्हणाली, "तो चांगला आहे गं. मला त्याची काळजी वाटली. पण मी त्याच्याशी लग्न नसतं केलं." सासूबाई असत्या तर सूप थांबवून तिच्याकडे पाहिलं असतं.

आता एक कामाचं सांगते आणि संपवते, सरपंचबाई घड्याळ बघायला लागल्या आहेत. या पुस्तकाची बांधणी करायला झाली आहे. मागच्या महिन्यात मेहकरला बाइंडरकडे नेलं होतं. चांगला माणूस आहे, शंभर रुपयांत पक्कं बांधून देतो म्हणाला. पानं हलवून बघितली आणि म्हणाला, "कडा खराब झाल्यात ताई, तिन्ही बाजूंनी जराशी कटिंग मारावी लागेल." मी विचारलं, किती? त्यानं बोट ठेवून दाखवलं. त्याच्या बोटाखाली तो हिशेब होता, रेघेखाली काही नसलेला. दोन पानांनंतर "सेम टू सेम". आणि पुढं निळा शेरा. तो शेरा जाईल, आणि त्याच्याखाली दोन पानांवर उमटलेला वळही कटिंगमध्ये जाईल.

मी पुस्तक पिशवीत घालून परत आणलं. अजून दिलेलं नाही. तोवर ज्याला वाचायचं आहे त्यानं जपून न्या, सुटी पानं मोजून न्या आणि मोजून परत आणा. एकशे बारा नंबरच्या पानापासून पुढची आठ सुटी आहेत.